टाकलेलं जातं कुठं?

१ नोव्हेंबर १९८६. मध्यरात्र उलटून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराजवळच्या श्वाइत्सरहाले इथं सँडोझ कंपनीच्या ९५६ क्रमांकाच्या गोदामानं पेट घेतला. आत सुमारे १,३५० टन रसायनं रचून ठेवलेली होती. त्यात भरणा शेतीच्या कीटकनाशकांचा. अग्निशमन दलानं रात्रभर पाण्याचा मारा केला आणि सकाळपर्यंत आग आटोक्यात आणली. पण तोवर दहा ते पंधरा हजार घनमीटर पाणी, विषासकट, नाल्यांतून शेजारच्या ऱ्हाईन नदीत उतरलं होतं. ते अडवून धरायला कुंडच नव्हतं. गोदामातल्या एका रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली.

बाझलमध्ये भोंगे वाजले. खिडक्या लावून घ्या, बाहेर पडू नका, असं रहिवाशांना सांगण्यात आलं. नदीला मात्र तसं सांगण्याची सोय नव्हती. बाझलच्या खाली ऱ्हाईन फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरून वाहते, मग जर्मनीतून आणि शेवटी नेदरलंड्समधून समुद्राला मिळते. वाटेत लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त तिच्यावर. पुढच्या काही दिवसांत लोरेलायच्या कड्यापर्यंत, म्हणजे सुमारे चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात, नदीतले वाम मासे जवळजवळ संपले. दीड लाखाच्या आसपास वाम मेले.

खालच्या अंगाच्या प्रत्येक शहरातल्या पाणीपुरवठा खात्यापुढे तेव्हा एकच प्रश्न होता: हे आपल्याकडे कधी पोचणार आणि किती तास टिकणार? पंप फार आधी बंद केले तर शहर विनाकारण तहानलेलं राहतं. उशीर केला तर विष नळात येतं. आणि धोक्याची सूचना तर खालच्या देशांना उशिराच मिळाली होती.

अंतराला नदीच्या वेगानं भागून हे उत्तर मिळत नाही. नदी मधोमध वेगानं वाहते, काठाशी आणि तळाशी रेंगाळते. त्यामुळे एका जागी पडलेलं रसायन जाता जाता लांबत जातं. त्याचं डोकं अंदाजापेक्षा लवकर येतं आणि शेपूट बराच वेळ मागे रेंगाळते. ऱ्हाईनमध्ये त्याहून एक वेगळी भानगड आहे. जहाजांसाठी मधला प्रवाह खोल राहावा म्हणून दोन्ही काठांवरून नदीत आडवे दगडी बांध घातलेले आहेत. दोन बांधांमधल्या खणात पाणी गोल गोल फिरत राहतं. रसायनाचा लोंढा जाताना त्यातला थोडा भाग या खणांत शिरतो आणि लोंढा पुढे निघून गेल्यावर हळूहळू पुन्हा प्रवाहात येतो. कागदावरच्या समीकरणातून निघणारी सुबक, घंटेच्या आकाराची रेघ त्यामुळे प्रत्यक्षात एका बाजूला ओघळते. पंप परत कधी सुरू करायचे हे त्या ओघळावर ठरतं.

सँडोझच्या आगीनंतर ऱ्हाईन खोऱ्यातल्या देशांनी मिळून एक संगणकीय मॉडेल तयार करून घेतलं. त्याचं नाव ‘ऱ्हाईन अलार्म मॉडेल’. कुठं, कधी आणि किती रसायन पडलं हे सांगितलं, त्या दिवसाची नदीची पातळी दिली, की खालच्या प्रत्येक ठाण्यावर लोंढा केव्हा येईल, त्याचा जोर किती असेल आणि तो केव्हा ओसरेल, हे ते सांगतं. यातला सगळ्यात रंजक भाग मॉडेल पारखण्याचा. १९८८ पासून शास्त्रज्ञांनी नदीत मुद्दाम निरुपद्रवी चमकदार रंग ओतले आणि खालच्या ठाण्यांवर बाटल्या भरून तो रंग कधी पोचतो ते मोजलं. दोनच वर्षांपूर्वी लाल पाण्याला घाबरलेल्या नदीत आता रंग ओतायला रीतसर परवानगी मिळत होती! या चाचण्यांतून प्रत्येक टप्प्यासाठी दोन आकडे ठरवले गेले: रंग किती पसरतो आणि खणांमुळे तो किती मागे रेंगाळतो. मॉडेलची खरी पुंजी हे मोजलेले आकडेच. समीकरणं तर आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती.

तशी या विद्येची सुरुवात संगणकाच्याही आधीची. १९२५ मध्ये अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीचं गणित मांडलं. सांडपाणी सोडल्यावर पाण्यातला प्राणवायू कुठपर्यंत घटतो आणि कुठून पुन्हा भरून निघतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचं समीकरण अजूनही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवतात. संगणकानं या गणिताचं तत्त्व बदललं नाही, त्याचा पसारा वाढवला. नदीचे, हवेचे किंवा जमिनीचे हजारो कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात दर तासाला किती आलं, किती गेलं, किती नष्ट झालं याचा जमाखर्च मांडायचा. किराणा दुकानाच्या वहीत आणि यात तत्त्वाचा फरक नाही. वस्तुमान हवेत विरून जात नाही. जे टाकलं ते कुठल्या ना कुठल्या खात्यावर सापडलंच पाहिजे. नाही सापडलं, तर एखादं खातं उघडायचं राहिलं आहे असं समजायचं.

महाराष्ट्रातल्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला ‘बीएचसी पावडर’ म्हटलं की आठवतं. ज्वारीवर, भातावर, कपाशीवर तिची धुरळणी व्हायची. हिवतापाच्या डासांसाठीही सरकारी खातं ती वापरायचं. स्वस्त, सहज मिळणारी, उग्र वासाची. या पावडरीची अजब गोष्ट अशी की तिचा बहुतेक भाग किड्यांसाठी कामाचाच नव्हता. एकाच रसायनाची वेगवेगळ्या घडणीची भावंडं तिच्यात मिसळलेली असायची. त्यातलं फक्त गॅमा नावाचं, म्हणजे लिंडेन, कीटकनाशक म्हणून प्रभावी. त्याचं प्रमाण दहा-पंधरा टक्के. अल्फा साठ-सत्तर टक्के, आणि बीटा दहाएक टक्के. म्हणजे एक पोतं शेतात टाकायचं ते त्यातल्या दहापैकी एक-दीड वाट्यासाठी, आणि बाकीचा माल निव्वळ ओझं. जगभरात १९४८ पासून पुढच्या पन्नास वर्षांत असा सुमारे एक कोटी टन माल वापरला गेला. चीन त्यात सगळ्यात पुढे होता आणि भारतही पहिल्या काहींत.

हे ओझं गेलं कुठं?

बराच भाग वाफ होऊन हवेत गेला आणि उत्तर ध्रुवाकडे वाहत गेला. आर्क्टिक प्रदेशात शेती नाही, डास मारण्याची मोहीम नाही, तरी तिथल्या समुद्रात अल्फा बीएचसी मुबलक सापडू लागलं. कारण साधं आहे. उष्ण प्रदेशात ही रसायनं जमिनीवरून उडतात आणि थंड हवेत गेली की पाण्यात, बर्फात, मातीत उतरतात. उन्हाळा आला की त्यातला काही भाग पुन्हा उडतो आणि पुढे सरकतो. नाकतोड्यासारख्या उड्या मारत ती ध्रुवाकडे जातात, म्हणून शास्त्रज्ञ त्याला नाकतोड्याचा परिणाम असंच म्हणतात. फ्रँक वानिया आणि डॉन मॅके या दोघांनी १९९० च्या दशकात ही कल्पना नीट मांडली आणि पुढे तिची मॉडेलं बनली.

मॅके हा माणूस या शास्त्रातला मोठा. ग्लासगोत जन्मलेला, कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकवणारा. २०२३ मध्ये तो गेला. त्यानं १९७९ मध्ये एक जुनी संकल्पना उचलली. १९०१ मध्ये गिल्बर्ट ल्यूइस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं मांडलेली फ्युगॅसिटी. हवेत, पाण्यात, मातीत, माशाच्या चरबीत असलेल्या एकाच रसायनाची तुलना करायची कशी, ही अडचण होती. पाण्यात लिटरमागे मोजायचं, मातीत किलोमागे, हवेत घनमीटरमागे; तिन्ही आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. मॅकेनं म्हटलं की आकडा नको, ओढ मोजा. प्रत्येक ठिकाणाहून त्या रसायनाची बाहेर निसटण्याची ओढ किती, हे दाबाच्या एककात काढा. मग ते जास्त ओढीकडून कमी ओढीकडे जाईल. पाण्यातून निसटायची ओढ हवेतल्यापेक्षा जास्त असेल तर ते वर उडेल, उलट असेल तर खाली बसेल. एकच मोजपट्टी हाती आल्यामुळे सगळं गणित हातानं करण्याइतकं सोपं झालं.

हे तपासायला मॅके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक काल्पनिक प्रदेश रचला. क्षेत्रफळ एक लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. वर हजार मीटर उंचीची हवा. दहा टक्के भागावर वीस मीटर खोल पाणी, बाकी जमीन, आणि मातीचा फक्त वरचा वीस सेंटिमीटरचा थर विचारात घेतलेला. पाण्याच्या तळाशी एक सेंटिमीटर गाळ. ना डोंगर, ना शहर, ना पाऊसकाळ. एखादं नवं रसायन बाजारात येण्याआधी या प्रदेशात कागदोपत्री टाकून बघायचं: बहुतांश हवेत जातं की मातीत अडकतं, किती दिवस टिकतं, किती दूर जातं. खऱ्या जगातला कुठलाच जिल्हा असा नसतो. पण दोन रसायनांपैकी अधिक हट्टी कोणतं, हे ठरवायला असा बिनचेहऱ्याचा प्रदेशच बरा. तिथं रसायनाचा स्वभाव दिसतो, जागेचा नाही.

या गणिताचा कस लागला तो आर्क्टिकमध्येच. चीननं १९८३ मध्ये बीएचसी बंद केलं, १९९० च्या सुमारास भारत आणि सोव्हिएत संघातला वापर घटला, आणि भारतानं १९९७ मध्ये ते पूर्णपणे थांबवलं. हवेतलं अल्फा झपाट्यानं कमी झालं. समुद्रातलं मात्र तसंच राहिलं. कारण समुद्राची विसरायची चाल संथ. मग फ्युगॅसिटीच्या हिशेबानं एक दिवस असा यायला हवा होता की हवेतली ओढ समुद्रातल्या ओढीच्या खाली जाईल आणि दिशा उलटेल. कॅनडातल्या लिसा जँट्युनेन आणि टेरी बिडलमन यांनी बेरिंग आणि चुक्ची समुद्रांत १९८८ आणि १९९३ ची मोजमापं शेजारी ठेवली तेव्हा नेमकं हेच दिसलं. १९८८ मध्ये हवेतून समुद्रात उतरणारं अल्फा १९९३ मध्ये समुद्रातून हवेत जात होतं. पाच वर्षांत समुद्र साठवण्याचं कोठार न राहता पुरवठादार झाला होता. शेतांवरची धुरळणी थांबली म्हणून प्रदूषण थांबलं, असं म्हणायची घाई करणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी.

बीटाची कथा त्याहून वेगळी. हे भावंड पाण्याला जास्त चिकटतं, हवेत राहायला नाखूश. त्यामुळे वाऱ्यानं थेट ध्रुवावर पोचण्याऐवजी ते वाटेतच प्रशांत महासागरात पावसाबरोबर उतरलं आणि सागरी प्रवाहांवर बसून बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उशिरा आर्क्टिकमध्ये शिरलं. एकाच पोत्यातली दोन भावंडं, एक वाऱ्यानं गेलं, दुसरं पाण्यानं. वाटेत लागलेला वेळही निराळा. मॉडेल नसतं तर मोजमापातली ही तफावत नुसतीच गोंधळात टाकणारी ठरली असती.

या सगळ्याचा माणसांशी संबंध काय, तेही आर्क्टिकमध्येच उघड झालं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्यूबेकमधले डॉक्टर एरिक दवाई हे आईच्या दुधातल्या प्रदूषकांचा अभ्यास करत होते. तुलनेसाठी स्वच्छ नमुने हवेत म्हणून उत्तरेच्या नुनाविक भागातल्या इनुइट स्त्रियांचं दूध तपासलं. त्यात पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं दक्षिणेकडच्या शहरी स्त्रियांपेक्षा सुमारे पाचपट निघाली. इनुइट लोक सील आणि व्हेलची चरबी खातात, आणि ही रसायनं चरबीतच साठतात. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून माशात, माशातून सीलमध्ये, प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढत जातं. डीडीटीसारखं रसायन पाण्यापेक्षा चरबीत राहणं दहा लाख पटींहून अधिक पसंत करतं, म्हणून पाण्याच्या चाचणीत ते जेमतेम दिसतं आणि ताटात भरपूर असतं.

२००१ च्या स्टॉकहोम करारात पहिल्या बारा रसायनांवर बंधनं आली. भारतानं तो करार २००६ मध्ये मान्य केला, आणि अल्फा, बीटा व लिंडेन २००९ मध्ये यादीत दाखल झाले. एखादं रसायन दूरवर जाऊ शकतं की नाही, हे ठरवताना हवेतलं त्याचं अर्धायुष्य दोन दिवसांहून जास्त आहे का, हा एक निकष या करारात आहे. वारा दोन दिवसांत फार लांब नेतो. पण हवेत कोणी दोन दिवस उभं राहून हे मोजत नाही. प्रयोगशाळेतले आकडे आणि मॉडेल मिळून ते ठरवतात. आंतरराष्ट्रीय कायद्यात गणिताला इतकी मानाची जागा क्वचितच मिळाली असेल.

आतापर्यंतची गणितं पुढच्या दिशेची: टाकलं, आता जाईल कुठं? त्याच गणिताला उलटं चालवलं की प्रश्न पोलिसी होतो: सापडलं, आलं कुठून?

१९८६ हे साल इथंही आडवं येतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्यानं ‘नेम’ नावाचं मॉडेल बांधलं. ते मूळ अणुअपघातांसाठीच होतं. यात हवेत हजारो काल्पनिक कण सोडतात आणि प्रत्यक्ष नोंदवलेल्या वाऱ्यांनी ते कुठं कुठं जातात ते बघतात. घड्याळ मागे फिरवलं की एखाद्या केंद्रावर आलेली हवा गेल्या काही दिवसांत कुठल्या कुठल्या जमिनीवरून आली, याचा नकाशा निघतो. ओझोनचा थर खाणारं सीएफसी-११ हे रसायन जगात २०१० पासून बनवायला बंदी आहे. पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हवेतलं त्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा हळू घटतंय. म्हणजे कोणीतरी नव्यानं बनवतंय. २०१९ मध्ये उत्तर आलं. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानमधल्या हातेरुमा बेटावरचं केंद्र, इथली मोजमापं ‘नेम’सह काही मॉडेलांत मागे चालवली, तेव्हा बोट चीनच्या पूर्व भागातल्या शानतुंग आणि हपेई या प्रांतांकडे गेलं. जगातल्या उत्सर्जनात झालेल्या वाढीपैकी निम्म्याच्या आसपास तिथून येत होती, वर्षाला सुमारे सात हजार टन. पुढच्या काही वर्षांत ती गळती कमी झाल्याचंही त्याच केंद्रांवर दिसलं.

गोव्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर काळे, चिकट डांबराचे गोळे येतात. पायाला लागले तर रॉकेलशिवाय निघत नाहीत. पर्यटक वैतागतात, मच्छीमारांच्या जाळ्यांची नासाडी होते, आणि दोष कोणाचा हा वाद रंगतो. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इथंही तीच उलटी चाल वापरली. गोळ्यांचे रासायनिक बोटांचे ठसे जुळवायचे आणि वारे-प्रवाहांच्या मॉडेलमध्ये गोळे मागे सोडायचे. काही वर्षांचे गोळे समुद्री मार्गांवर टाकी धुऊन टाकणाऱ्या तेलवाहू जहाजांकडे जातात, काही मुंबईजवळच्या बॉम्बे हायच्या तेलाशी जुळतात. एकाच किनाऱ्यावर, एकाच ऋतूत येणाऱ्या गोळ्यांचे धनी दरवर्षी एकच नसतात.

मॉडेलवर भरपाईचा प्रश्न येऊन ठेपला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. नॉर्थ कॅरोलायनामधल्या कॅम्प लेजून या मरीन दलाच्या तळावर सैनिक आणि त्यांची कुटुंबं राहायची. तिथल्या विहिरींत तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून परक्लोरोएथिलीन हे द्रावक झिरपलं होतं. इतर ठिकाणच्या गळत्याही होत्याच. हे लक्षात आलं १९८२ पासून, आणि १९८५ पर्यंत विहिरी बंद झाल्या. टरावा टेरेस या वसाहतीत मोजलेला सर्वाधिक आकडा लिटरमागे २१५ मायक्रोग्रॅम. पुढे ठरलेली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५. पण आजारी पडलेल्या माणसांचा प्रश्न १९८२ नंतरचा नव्हता. ती १९६० मध्ये, १९७० मध्ये तिथं राहिलेली. तेव्हा कोणी काही मोजलंच नव्हतं.

मग जमिनीखालच्या पाण्याचं मॉडेल बनवून गेलेला काळ उभा केला गेला. दुकान १९५३ मध्ये सुरू झालेलं. तिथं किती द्रावक सांडलं असावं, वाळू-चिकणमातीच्या थरांतून पाणी दिवसाला किती सरकतं, कुठली विहीर कुठल्या महिन्यात किती उपसली गेली, हे सगळं मांडून अमेरिकी सरकारी संस्थेनं सांगितलं की टरावा टेरेसच्या नळाचं पाणी नोव्हेंबर १९५७ पासून मर्यादेच्या वर होतं. अनिश्चितता धरून ऑक्टोबर १९५७ ते ऑगस्ट १९५८ मधली कुठलीही तारीख. जवळजवळ तीस वर्षं. २००९ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं या कामावर टीका केली: इतक्या तुटपुंज्या माहितीवर महिन्यागणिक आकडे देणं म्हणजे नसलेला नेमकेपणा दाखवणं. टीका रास्त होती. पण मॉडेलशिवाय हाती होतं काय? काही नाही. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेनं भरपाईचा मार्ग खुला करणारा कायदा केला. ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ या काळात किमान तीस दिवस तिथं राहिलेल्यांसाठी. चार लाखांहून अधिक दावे दाखल झाले.

आता घरचं. महाराष्ट्रात एखादा मोठा रासायनिक कारखाना यायचा असेल तर पर्यावरणीय मंजुरीसाठी अहवाल आणि जनसुनावणी लागते. २००६ ची अधिसूचना त्यासाठी आहे. त्या अहवालात धुराड्यातून निघणारा वायू किती पसरेल याचा तक्ता असतो, आणि बहुधा तो ‘एरमॉड’ या अमेरिकी मॉडेलमधून आलेला असतो. या प्रकारच्या गणितांची मुळं नेब्रास्कातल्या एका माळावर आहेत. १९५६ च्या उन्हाळ्यात ओनील गावाजवळ सपाट गवताळ रानात सल्फर डायऑक्साइड सोडून अर्धवर्तुळाकार ओळींत, आठशे मीटरपर्यंत, तो मोजला गेला. ‘प्रेअरी ग्रास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाचे आकडे आजही मॉडेल तपासायला वापरतात. सपाट माळ, स्थिर वारा. कोकणातल्या लोटे परशुराम किंवा महाडच्या दऱ्याखोऱ्यांशी त्याचा मेळ घालायचा तर मॉडेलला डोंगरांची, दऱ्यांची माहिती नीट पुरवावी लागते.

अशा मॉडेलांच्या मुळाशी असलेल्या जुन्या सूत्रात वाऱ्याचा वेग खाली, छेदस्थानी येतो. वारा थांबला की उत्तर फुगत अनंताकडे जातं. म्हणून पूर्ण शांत वाऱ्याच्या तासांना एरमॉड नेहमीच्या रीतीनं सरासरीतून वगळतं. गणिताच्या दृष्टीनं ते योग्यच, पण धोका नेमका तेव्हाच मोठा असतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट टाकीतून सुटलं तेव्हा वारा मंद होता, जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर, आणि तो वायू हवेपेक्षा जड. पसरून विरळ व्हायला त्याला कुठलीच मदत नव्हती, तो वस्तीत उतरून राहिला. असल्या गळतीची गणितं करायला वेगळ्या, जड वायूंच्या मॉडेलांची गरज असते. धोकादायक कारखान्यांच्या सुरक्षा आराखड्यांत ती वापरतात.

जनसुनावणीच्या अहवालासाठी हवेची मोजमापं बहुतेक वेळा एकाच हंगामात, पावसाळा सोडून, तीन महिने घेतात. कोकणात हिवाळ्याच्या रात्री दऱ्यांत हवा साठते, त्यामुळे तो हंगाम घेतला तर एका अर्थी बरंच. पण मार्च ते मेचा, भरपूर समुद्रवाऱ्याचा काळ घेतला तर? तेव्हा सुनावणीत बसलेल्या माणसानं तक्त्यातला ‘जमिनीलगतची सर्वाधिक वाढ’ हा आकडा वाचताना त्याच्या मागचं विचारावं. वाऱ्याची नोंद कुठल्या ठाण्याची, कारखान्यावरची की विमानतळावरची? कुठले तीन महिने? शांत वाऱ्याचे किती तास होते आणि ते हिशेबात आले का? धुराड्यातून निघणारं प्रमाण कोणी सांगितलं, मोजून की कंपनीच्या रचनेवरून? या चार प्रश्नांची उत्तरं अहवालात बहुधा असतात. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. ही उत्तरं परिशिष्टांत असतात, आणि परिशिष्टं इंग्रजीत.